सहा पोट्टे गेले कुठी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा मला एक्सेल येतं याची भारी घमेंड होती. नव्या शिक्षकांनो, आकारिक (वर्षभर चालणारं मूल्यमापन) आणि संकलित (सत्राअखेरची परीक्षा), श्रेण्या, वर्णनात्मक नोंदी हे तुम्हाला डीएडपासून पाठ असेलच, त्यात वेळ घालवत नाही. सांगायचंय ते एक्सेलच्या शीटमधल्या रिकाम्या चौकटीबद्दल. तिनं मला भर शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, तोंडघशी पाडलं.

चौथीचा वर्ग, पट 23. ऑगस्टमध्ये गणिताची 20 गुणांची चाचणी घेतली, सरासरी 10. नोव्हेंबरमध्ये तशीच चाचणी, सरासरी 12.1. लगेच हिरवा आलेख काढून प्रोजेक्टरवर लावला. मागून एक जुन्या मॅडम म्हणाल्या, “सर, आलेख झकास हाये. पण पट 23 अन् पेपर 17च. बाकीचे सहा पोट्टे गेले कुठी?”

वेचणीला. कापूस फुटला की आमच्याकडे अख्खं घर शेतात असतं, हे मलाही माहीत होतं. पण शीट भरताना त्या सहांच्या चौकटी मी रिकाम्या सोडल्या, आणि ॲव्हरेजचं सूत्र रिकामी चौकट धरतच नाही. हिशेब करून बघा. ऑगस्टमध्ये त्या सहांना प्रत्येकी 4, म्हणजे 24. उरलेल्या 17 जणांचे मिळून 206. बेरीज 230, भागिले 23, बरोबर 10. नोव्हेंबरमध्ये 17 जणांची बेरीज पुन्हा 206च, पण आता भागिले 17. झाले 12.1. वर्ग इंचभरही पुढे सरकला नव्हता. कच्ची पोरं तेवढी कागदावरून उठून गेली होती.

घरी येऊन घाबरून मी सहा ठिकाणी शून्य भरलं. सरासरी धाडकन 9! शून्य म्हणजे पोरगं बसलं आणि त्याला काही आलं नाही. हे तर बसलंच नव्हतं.

तर शून्यही नको, रिकामंही नको. ‘गै’, म्हणजे गैरहजर, लिहा. सूत्र तेही वगळतं, म्हणून सरासरीच्या शेजारी काउंट लावून किती जण बसले तो आकडा ठेवाच. आणि दोन चाचण्यांची तुलना करायची तर दोन्हीला बसलेल्या मुलांचीच करा. माझे 17 जण ऑगस्टलाही 12.1 वर होते. आलेख सपाट आला. वाईट वाटलं, पण हातच्याची वजाबाकी पुन्हा शिकवायला घ्यायची हे त्यावरूनच कळलं.

ग्रुपवर फिरणाऱ्या तयार शीट मात्र डोळे झाकून घेऊ नका. तिसरी-चौथीला आकारिक 60, संकलित 40, सहावीला 50-50. सहावीची शीट चौथीला लावली तर श्रेणी गुपचूप बदलते आणि प्रगतिपत्रकावर सही तुमची असते. तयार वर्णनात्मक नोंदी चिकटवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. एका वर्गातल्या सगळ्याच मुलांना ‘परिसराची आवड’ कशी असते? तंत्रस्नेही म्हणवणाऱ्यांपेक्षा मी त्या मॅडमकडून जास्त शिकलो, आणि त्या अजून वहीतच गुण लिहितात.

सरकारी पोर्टलवर माहिती भरताना जीव जातो, खरंय. रेंज नाही, साइट बसलेली, वरून ‘आजच भरा’चा निरोप. पहिल्या वर्षी मला रडू यायचं बाकी होतं. पण ती भरणी वरच्यांसाठी. तुमची शीट तुमच्यासाठी, ती ऑफलाइन चालते, आणि चुकली तर कुणी फासावर देत नाही. बेरीज-सरासरी आली तरी सुरुवातीला पुरे.

मी आता ‘गै’च्या पुढे कारणाचा रकाना ठेवतो: आ म्हणजे आजारी, पा म्हणजे पाहुणपण, वे म्हणजे वेचणी. मागच्या वर्षीचे ‘वे’ बघून यंदा त्या घरच्या मुलांची चाचणी दिवाळीच्या सुट्टीआधीच उरकली. तरी एक पोरगी हुकलीच. तिच्या मामाच्या शेतातला कापूस आधी फुटला होता.