परदेशात जपानी लोकांचं मंडळ चालवायचंय? मग आधी बदल्यांचं कॅलेंडर बघा

जगातल्या बऱ्याच मोठ्या शहरांत जपानी लोकांची निहोनजिनकाई असते, म्हणजे सरळ मराठीत जपानी मंडळ. बँकॉकचं 1913 पासून आहे, सिंगापूरचं 1915 पासून, आणि त्यांच्याकडे ऑफिस, पगारी स्टाफ असं सगळं आहे, त्यांना माझ्या सल्ल्याची काही गरज नाही. मी लिहितोय ते छोट्या शहरातल्या मंडळांबद्दल, जिथे शे-दीडशे घरं असतात आणि सगळा गाडा चार-पाच जण नोकरी सांभाळून ओढतात. माझी बायको जपानी, त्यामुळे अशा मंडळाच्या कमिटीत मी खुर्च्या लावण्यापासून हिशोब लिहिण्यापर्यंत सगळं केलंय. आपल्यातले बरेच जण जोडीदारामुळे किंवा जपानी कंपनीतल्या नोकरीमुळे असेच ओढले जातात, म्हणून म्हटलं लिहून ठेवू.

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की मंडळात दोन वेगळ्या प्रकारची माणसं असतात. एक चूझाइइन, कंपनीने तीन-चार वर्षांसाठी पाठवलेले. दुसरे एइजूश्या, म्हणजे लग्न करून, धंदा काढून कायमचे राहिलेले. जपानी परराष्ट्र मंत्रालयाच्या 2023 च्या आकड्यांनुसार परदेशात राहणारे जपानी साधारण 13 लाख, त्यातले पावणेसहा लाखांच्या आसपास कायमचे स्थायिक. पहिल्या गटाकडे उत्साह, कंपनीची स्पॉन्सरशिप आणि एक्सेलचं वेड असतं, पण ते जाणार हे ठरलेलं. दुसऱ्यांकडे गावाची माहिती, जुन्या ओळखी आणि थोडा कंटाळाही असतो, कारण दर तीन वर्षांनी नवीन माणसाला तेच ते सांगून त्यांचं तोंड दुखलेलं असतं. मंडळ चालवायचं म्हणजे खरं तर या दोघांची सांगड घालायची, बाकी सगळं त्यानंतर.

आता बदल्यांचं. जपानमध्ये शाळा आणि सरकारी वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि बहुतेक कंपन्यांचंही तसंच, त्यामुळे बदल्यांची लाट मार्च-एप्रिलला येते आणि ऑर्डर बऱ्याचदा काही आठवडे आधीच हातात पडते. तुम्ही जपानची नक्कल करून कमिटीची मुदत मार्चमध्ये संपवली तर ऐन जनरल मीटिंगच्या वेळी निम्मी कमिटी कंटेनरमध्ये सामान भरत असणार. मुदत जूनमध्ये संपवा. तोपर्यंत कोण गेलं, कोण आलं, कोण खरंच काम करणार हे दिसलेलं असतं. आणि प्रत्येक पदावर दोघं ठेवा, एक जाणारा, एक राहणारा. अध्यक्ष कुठल्याही गटातला चालेल, पण खजिनदारांपैकी एक जण राहणाराच हवा, ह्यात तडजोड नको.

कारण बँक. खात्यावर ज्याची सही आहे तो देश सोडून गेला की नवीन सही घालायला जी कागदपत्रं लागतात त्यात महिने जातात, आणि तोपर्यंत हॉलचं भाडं कोणीतरी स्वतःच्या खिशातून भरत बसतो. बदलीची ऑर्डर आली की फेअरवेल पार्टीची तारीख नंतर, आधी बँकेची अपॉइंटमेंट. खातं कोणाच्या तरी वैयक्तिक नावावर तर अजिबात नको, त्यासाठी मंडळ रजिस्टर करावं लागलं तरी करा. नियम देशाप्रमाणे बदलतात, जर्मनीत संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, सिंगापूरमध्ये दहा. नियमावली स्थानिक भाषेत करावी लागेल, पण शेजारी जपानी प्रत ठेवाच, नाहीतर ती कोणी वाचणारच नाही.

दुसरी जीवनावश्यक गोष्ट हिकित्सुगी, म्हणजे चार्ज देणं. जपानी लोक ह्यात पटाईत असतात असा आपला समज असतो. ऑफिसमध्ये असतीलही, मंडळात मात्र बऱ्याचदा हातात पडते ती तीनशे फाइल्सची एक पेन ड्राइव्ह आणि कमरेत वाकून केलेला एक नमस्कार. खरी कामाची हिकित्सुगी कशी असते ते नवीन वर्षाच्या मोचित्सुकीवरून सांगतो, म्हणजे चिकट भात कुटून मोची करतात तो कार्यक्रम. "मोचिगोमे (चिकट तांदूळ) आणणे, उसु आणणे" असं लिहून उपयोग नाही. असं लिहायचं: उसु (ते लाकडी उखळ) कोणाच्या गॅरेजमध्ये आहे, उचलायला किती माणसं लागतात, कोणाच्या गाडीत मावतं. आदल्या दिवशी उसुमध्ये पाणी भरून ठेवायचं आणि किने, म्हणजे मोगरी, तीही भिजवायची, नाहीतर कोरडं लाकूड तडकतं आणि भुसा मोचीत येतो. तांदूळ रात्रभर भिजलेला हवा. कुटायच्या आधी उसुमध्ये गरम पाणी ओतून ते तापवायचं आणि वाफवलेला भात टाकल्यावर लगेच दणादण मारायला सुरुवात करायची नाही, आधी मोगरीने दाबून दाबून मळायचा. मुलांना हौस म्हणून कुटू द्यायचं ते शेवटच्या घाण्याला. मोची उलटणाऱ्याचा हात आणि मारणाऱ्याची मोगरी ह्यांचा ताल जमणारी जोडी कोण, ते नावासकट. आणि म्हाताऱ्या माणसांना लहान तुकडे, शेजारी कोणीतरी बसलेलं, कारण मोची घशात अडकून जपानमध्ये दर नवीन वर्षाला माणसं जातात, हा विनोदाचा विषय नाही. एवढं दोन पानांत मावतं आणि पुढच्या माणसाच्या निम्म्या रात्री वाचतात.

कार्यक्रम किती करायचे? कमी. नवीन वर्षाचा एक, उन्हाळ्यातला एक (बोन ओदोरी, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचा पारंपरिक नाच, किंवा उंदोकाई, म्हणजे मैदानी खेळ) आणि जमलंच तर सप्टेंबरमध्ये ज्येष्ठांसाठी एक जेवण. बाकी गोल्फ, कराओके, हायकू ज्याला हवं त्याने ग्रुप काढून करावं, मंडळाने फक्त हॉलच्या चाव्या द्याव्यात. आणि स्वयंपाकघरातलं काम चूझाइइन लोकांच्या बायकांनी करायचं हा जो जुना न बोललेला नियम बऱ्याच ठिकाणी अजून चालतो ना, तो बंद करा. नवीन आलेली बाई पहिल्याच महिन्यात ओनिगिरीच्या (भाताच्या मुटक्यांच्या) ड्युटीला लागते आणि पुढच्या वर्षी मेंबरशिप रिन्यू करत नाही, मग कमिटी विचारते तरुण मंडळी का येत नाहीत.

सोकाई, म्हणजे वार्षिक सभा, प्रॉक्सीवर चालते हे गृहीत धरा. न येणाऱ्यांकडून इनिन्जो, म्हणजे प्रॉक्सीचा फॉर्म, आधीच मागवायचा, फॉर्म एका मिनिटात भरता येईल असा ठेवा, आणि कोरम मोजताना प्रॉक्सी धरायची असं नियमावलीत स्पष्ट लिहा. वर्गणी वाढवण्यासारखा वादाचा विषय असेल तर सभेच्या आधी चार जुन्या लोकांना एकेक फोन करा, हे न करता थेट सभेत प्रस्ताव मांडला तर कोणी विरोध करणार नाही, सगळे गप्प बसतील, आणि ती शांतता म्हणजे नकार असतो.

मेंबरशिप फॉर्मवर कुठला पासपोर्ट आहे हे विचारू नका. जपानच्या राष्ट्रीयत्व कायद्याच्या कलम 11 नुसार स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की जपानी नागरिकत्व जातं, त्यामुळे चाळीस वर्षं मंडळ चालवलेली एखादी आजी कागदोपत्री जपानी नसतेही, आणि तिला ते सगळ्यांसमोर सांगायचं नसतं. जोडीदार, मुलं, जपानशी नातं असलेला कोणीही, असं मोकळं लिहा. पूर्वी घराघरात वाटायचे तशी नाव-पत्ता-कंपनी-मुलांच्या वयांसकट छापील यादीही नको, युरोपात तर डेटाच्या कायद्यात अडकाल.

वकिलातीशी संबंध चांगले ठेवा पण त्यांचं काम अंगावर घेऊ नका. तीन महिने किंवा जास्त राहणाऱ्या जपानी नागरिकाला झाइर्यू तोदोके, म्हणजे मी इथे राहतोय अशी वकिलातीकडची नोंद, द्यावं लागतं, ऑनलाइन होतं, आणि मंडळात नाव घातलं म्हणजे ते झालं असं नाही, नवीन माणसाला पहिल्याच मेलमध्ये हे सांगा. बाळ झालं असेल आणि त्याला जन्मानेच दुसरं नागरिकत्वही मिळत असेल तर जपानी नागरिकत्व राखून ठेवण्याची नोंद तीन महिन्यांच्या आत करावी लागते, मुदत चुकली की बाळ जपानी राहत नाही. अशी तारीख कमिटीतल्या एकाला जरी माहीत असली तरी एखाद्या घराचं भलं होतं, मात्र सल्ला द्यायचा नाही, वकिलातीचा फोन नंबर द्यायचा. तुमचं गाव लांब असेल तर फिरत्या वकिलात सेवेबद्दल विचारा, पासपोर्टची कामं ते काही ठिकाणी येऊन करतात, हॉल तुम्ही द्या, आणि त्या दिवशी वर्षभर न दिसलेले लोकही उगवतात, वर्गणी तेव्हाच गोळा करा. भूकंप, दंगल असं काही झालं तर कोण कोणाला फोन करणार ही साखळी वर्षातून एकदा खरोखर फिरवून बघा, ग्रुपवर मेसेज टाकला म्हणजे झालं असं नाही, म्हातारी माणसं ग्रुपवर नसतात.

शनिवारची जपानी शाळा, होश्यूको, मंडळाच्याच खात्यातून चालवू नका. फी, शिक्षकांचं मानधन आणि पालकांची भांडणं ह्यांना वेगळी कमिटी आणि वेगळं खातं लागतं.

आणि एक कलम पहिल्याच दिवशी नियमावलीत घाला, मंडळ बंद पडलं तर शिल्लक पैसे आणि ते उसु कोणाकडे जाणार. कंपनीचा कारखाना हलला की एका वर्षात निम्मे सभासद जातात, आणि उरलेल्या वीस जणांनी पैशावरून भांडण्यापेक्षा "होश्यूकोला द्यायचे" असं आधीच लिहिलेलं असलं की तिथल्या तिथे ठराव होतो. थेट बंद करायची वेळ आली नसेल तर एक वर्ष सुट्टी घ्यायची तरतूदही ठेवा, वर्गणी नाही, कार्यक्रम नाही, फक्त खातं आणि फोनची साखळी चालू.