अपडेटनंतर आपोआप होणारा रिस्टार्ट: रात्रभर चालणारं काम कसं वाचवावं

ठाण्यात नौपाड्यात आमचा लग्नाच्या व्हिडिओंचा छोटा स्टुडिओ आहे. दिवसभर एडिटिंग करायचं आणि रात्री एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवणं, लावून घरी जायचं, हा शिरस्ता. अपडेटनंतर मशीनने मधेच रिस्टार्ट घेतला, की ते काम तुटतं आणि सकाळी नुसता लॉगिनचा पडदा दिसतो. स्टुडिओतली मशीन आणि इमारतीतल्या शेजाऱ्यांची मशीन मिळून बरीच मी स्वतः लावून दिली आहेत. खालचं सगळं विंडोज ११ साठी आहे.

पहिली गोष्ट, दोष अपडेटचाच आहे का ते बघा. पावसाळ्यात वीज क्षणभर गेली तरी सकाळी पडद्यावर तेच लॉगिन दिसतं, आणि लोक उगीच सेटिंग्ज उलथीपालथी करत बसतात. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'सिस्टिम'वर जा. रात्रीच्या त्या वेळेला १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर कोणत्या प्रोग्रामने रिस्टार्ट मागितला ते तिथेच लिहिलेलं असतं. फक्त ४१ क्रमांकाची, 'कर्नल-पॉवर'ची नोंद असेल, तर मशीन नीट बंद न होता थांबलं होतं. बहुतेकदा ती वीज असते. मग तुम्हाला यूपीएस हवा, हा लेख नको.

आता सगळ्यात वाईट सल्ला. 'सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट बंद करून टाका.' कृपा करून हे करू नका. एक तर बिघडलेली अपडेट सेवा दुरुस्त करून पुन्हा सुरू करणारी वेगळी सेवा विंडोजमध्येच आहे, त्यामुळे तो उपाय टिकतही नाही. आणि टिकला तर जास्त वाईट. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाचा संगणक व्हायरस आला, तेव्हा आपल्या नवी मुंबईपलीकडच्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं होतं. तो ज्या वाटांनी पसरला, त्यातली एक वाट बंद करणारं अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये आलेलं होतं. अपडेट यायलाच हवं. रिस्टार्ट कधी, एवढंच आपल्या हातात घ्यायचं आहे. चालू असलेल्या सिस्टिमच्या वापरातल्या फाइली बदलता येत नाहीत, म्हणून तो टाळता येत नाही.

सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे 'गेट मी अप टु डेट' बंद करा. ते चालू असलं तर रिस्टार्ट नको म्हणून ठरवलेल्या वेळेतही मशीन रिस्टार्ट घेतं. 'नोटिफाय मी' चालू करा.

त्याच पानावर 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' आहेत, म्हणजे विंडोज आपोआप रिस्टार्ट घेत नाही त्या वेळा, आणि मी फसले ती जागा हीच. एका लग्नाची दीड तासाची फिल्म, एक्स्पोर्टला सात तास लागणार होते. रात्री दहाला लावून गेले. सकाळी येऊन बघते तर लॉगिनचा पडदा, आणि फाइल अर्धवट, न उघडणारी. नवरीच्या घरचे दुपारच्या गाडीने सांगलीला निघणार होते. पेनड्राइव्ह त्यांच्या हातात द्यायचा शब्द मी दिला होता, तो मोडला. आजही त्याचं वाईट वाटतं.

कारण समजायला मला बरेच दिवस लागले. 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' आपोआप ठरवायला सोडले, की विंडोज तुमच्या वापराची वेळ बघून ते ठरवतं. रात्री माऊस हलत नाही, म्हणून रात्र मोकळी समजली जाते. आमचं सगळ्यात नाजूक काम नेमकं तेव्हाच चालू असतं. म्हणून 'मॅन्युअली' निवडा. जास्तीत जास्त १८ तास मिळतात. सगळे सांगतात सकाळी सहा ते रात्री बारा. रात्री काम लावणाऱ्यांसाठी हे साफ चुकीचं आहे. रात्री आठ ते दुपारी दोन असं लावा. दुपारी दोन ते रात्री आठ हे सहा तास उघडे राहतील, पण तेव्हा तुम्ही खुर्चीत असता, सूचना दिसते, काम सेव्ह करता येतं. या वेळा म्हणजे तुमच्या कामाच्या वेळा नव्हेत. मशीनला हात लावायचा नाही त्या वेळा, असं समजून भरा.

तुमच्याकडे प्रो आवृत्ती असेल तर आणखी पक्कं कुलूप आहे. (सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये आवृत्ती दिसते. होममध्ये हा भाग नाही.) स्टार्टमध्ये 'एडिट ग्रुप पॉलिसी' शोधा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, विंडोज अपडेट या वाटेने आत जा. 'लेगसी पॉलिसीज'मध्ये 'नो ऑटो-रिस्टार्ट विथ लॉग्ड ऑन यूजर्स' ने सुरू होणारी ओळ 'एनेबल' करा. बहुतेक जण इथे थांबतात. मीही थांबले होते, आणि त्याच महिन्यात दुसरं एक्स्पोर्ट गेलं. ही पॉलिसी एकटी काहीच करत नाही. 'कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स' ही दुसरी पॉलिसीही 'एनेबल' करून तिच्यात पर्याय ४, म्हणजे आपोआप डाउनलोड आणि ठरलेल्या वेळी इन्स्टॉल, निवडावा लागतो. दोन्ही जोडीनेच चालतात. इन्स्टॉलची वेळ दुपारची द्या. 'डेडलाइन' शब्द असलेल्या पॉलिसींना हात लावू नका; त्या लावल्या की रिस्टार्ट रोखणारी पॉलिसी निकामी होते.

मग एकदा स्वतः रिस्टार्ट करा. विंडोज अपडेटच्या पानावर 'काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून नियंत्रित' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसेल. घाबरून फोन करू नका. पॉलिसी लागू झाल्याची ती खूण आहे.

रात्री जाताना मशीन लॉक करा, साइन आउट नको. साइन आउट झालात तर प्रोग्रामही बंद आणि पॉलिसीचा आधारही गेला.

होमवाल्यांनी मोठ्या कामाआधी 'पॉज अपडेट्स' वापरावं, पाच आठवड्यांपर्यंत थांबता येतं. काम संपलं की लगेच 'रिझ्यूम'. आणि कोणतीही आवृत्ती असो, फिल्म एका दमात एक्स्पोर्ट करू नका. हळद, लग्न, रिसेप्शन असे तुकडे पाडा.

आता रिस्टार्ट तुमच्यावर आहे, तो विसरू नका. मोठी अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकरा झालेले असतात. म्हणून आम्ही त्या मंगळवारी रात्री काहीच लावत नाही. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत 'चेक फॉर अपडेट्स', मग पॉवरमधून 'अपडेट अँड रिस्टार्ट', आणि सगळी मशीन परत उठली की मगच पुढचं काम. खालच्या मजल्यावरच्या कर सल्लागारांना मी वेगळा दिवस दिला आहे. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेत पडतो आणि दरमहा जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरणाऱ्यांची मुदत ११ ला असते, त्यामुळे मंगळवार ८, ९ किंवा १० ला आला की ते आधीच 'पॉज' लावतात आणि १२ ला दुपारी अपडेट करतात.