स्पीड स्कायडायव्हिंगची तयारी करताय? या चुका टाळा

पोटावर आडवं राहून साधा फ्रीफॉल केला, म्हणजे पॅराशूट न उघडता खाली पडत राहिलं, तर वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास राहतो. स्पीड स्कायडायव्हिंग म्हणजे जास्तीत जास्त वेगाने खाली येण्याची स्पर्धा; तिच्यात डोकं खाली, हात अंगालगत आणि शरीर ताठ ठेवून झेप घेतात. त्यातले मुरलेले खेळाडू 500 च्या पुढे जातात. स्वीडनच्या हेन्रिक राइमर यांनी 2016 मध्ये शिकागोच्या जागतिक स्पर्धेत, तेव्हाच्या मोजणीनुसार, 601.26 चा वेग गाठला होता. असे आकडे वाचले की नव्या माणसाचं सगळं लक्ष वेग वाढवण्याकडे जातं. घोळ तिथेच सुरू होतो.

वेग कमी करण्याचा सराव न करणं

ही सगळ्यात मोठी चूक. स्पर्धेत साधारण 13,000 ते 14,000 फुटांवरून उडी मारतात आणि वेगातल्या सर्वोत्तम 3 सेकंदांची सरासरी धरतात. उडीच्या जागेपासून 7,400 फूट खाली आलात किंवा जमिनीपासून 5,600 फुटांवर पोहोचलात, यातलं जे आधी होईल तिथे मोजणी संपते. उडी मात्र तिथे संपलेली नसते. ताशी 500 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 140 मीटर. त्या वेगात 5,600 फुटांवरून जमीन बारा सेकंदांवर असते, आणि तेवढ्यात वेग उतरवून, उंची बघून पॅराशूट उघडायचं असतं.

उंची कमी झालीय हे लक्षात येताच घाबरून हात एकदम फाकवू नका. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 200 पेक्षा 500 ला तो सहापट होतो. खांदा निखळायला तेवढा पुरेसा आहे. आधी हात अंगाशीच ठेवून शरीराचा कोन हळूहळू आडवा करा, वेग उतरू द्या आणि मगच हात उघडा. पॅराशूट नेहमीच्या आडव्या स्थितीत, नेहमीच्या वेगालाच. वेग उतरवण्याची ही पद्धत आधी कमी वेगात, भरपूर उंची हाताशी ठेवून घोटून घ्या. कानातल्या ऑडिबलचा, म्हणजे ठरलेल्या उंचीला वाजणाऱ्या यंत्राचा, पहिला इशाराही 5,600 च्या वर लावा, कारण भानावर यायला एक सेकंद गेला तरी साडेचारशे फूट गेलेले असतात.

रिग (पाठीवरचा पॅराशूटचा संच) "चालतंय" म्हणून सोडून देणं

पूर्ण वेगात पॅराशूट चुकून उघडणं, याला मी या खेळातला सगळ्यात भयंकर प्रसंग मानतो. मुख्य काय आणि रिझर्व्ह (राखीव) काय, कुठलंच पॅराशूट किंवा हार्नेस (अंगावरचे पट्टे) एवढ्या वेगातल्या उघडण्यासाठी बनवलेलं नसतं. कापड फाटू शकतं, दोऱ्या तुटू शकतात आणि शरीराला बसणारा झटका जीवघेणा ठरू शकतो.

म्हणून क्लोजिंग लूप, म्हणजे पिन अडकवून पॅराशूटचा कप्पा बंद ठेवणारा दोरीचा फास, बोटांत धरून नीट बघा. धागे पिंजारलेले दिसले तर बदला. लूप लांब झाला असेल तर पिन सैल बसते, तेव्हा तो आखूड करून घ्या. पायलट शूटच्या (मुख्य पॅराशूट बाहेर ओढणाऱ्या छोट्या पॅराशूटच्या) खिशाचं इलॅस्टिक ढिलं पडलंय का, ब्रायडल (त्याला जोडणारी पट्टी) कुठे बाहेर डोकावतेय का, रायझरचे (हार्नेस आणि पॅराशूटच्या दोऱ्या जोडणाऱ्या पट्ट्यांचे) फ्लॅप म्हणजे झाकणं घट्ट बसतात का, हे सगळं तपासा. मग रिग अंगावर चढवा, खाली वाका, गुडघे छातीशी घ्या आणि तेवढ्यात जोडीदाराला मागून बघू द्या की पिन आणि फ्लॅप जागचे हलतात का. शंका आली तर रिगरकडे, म्हणजे पॅराशूट तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाकडे, जा. ती उडी रद्द झाली तरी चालेल.

"एएडी आहे ना!"

हे वाक्य डोक्यातून काढून टाका. एएडी म्हणजे रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र. अनुभवी उडीबाजांच्या सेटिंगला ते साधारण 225 मीटरवर काम करतं. पूर्ण वेगात तेवढी उंची दीड सेकंदात संपते. ते बसवलेलं असायलाच हवं, पण तुमच्या वतीने वेग ते कमी करणार नाही.

डाइव्ह डगमगली तर

शरीर थरथरू लागलं, पाय भरकटले किंवा गिरकी सुरू झाली, की बहुतेक जण अंग आणखी आवळतात आणि गोष्ट बिघडते. त्याऐवजी कोन थोडा कमी करा, वेग उतरू द्या आणि ती डाइव्ह सोडून द्या. हेड-डाउन (डोकं खाली) स्थितीवर पक्का ताबा येण्याआधी या खेळात उतरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

उरलेल्या गोष्टी छोट्या, पण टाळू नयेत अशा. फुल-फेस हेल्मेटची काच घट्ट बंद व्हायला हवी. विमान ज्या रेषेत चाललंय तिच्या समांतर झेप घेऊ नका, नाहीतर दुसऱ्या गटाच्या वर किंवा खाली जाल. दिशा आणि बाहेर पडण्याचा क्रम विमानात चढण्याआधीच ठरवा. आणि जीपीएस यंत्राने वेग ऐकवण्याची सोय असेल, तर तो आवाज उंचीच्या इशाऱ्यावर चढत नाही ना, हे जमिनीवर दोन्ही आवाज एकत्र वाजवून बघा.