कॅमेलियाच्या कळ्या गळतात? आदला ऑगस्ट आठवा

फेब्रुवारीत कॅमेलियाच्या टपोऱ्या कळ्या न उमलताच गळल्या की आपण थंडीला दोष देतो. बहुतेकदा चूक आदल्या ऑगस्टमधली असते. लंडन परिसरात घरामागे छोटी बाग असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे झाड टिकणं कठीण, इथे मात्र नीट लावलं तर नातवंडंसुद्धा त्याची फुलं पाहतील.

आधी माती तपासा. चहा हा कॅमेलियाच्याच कुळातला, आणि चहासारखीच यालाही आम्लयुक्त माती हवी. सामू (मातीची आम्लता सांगणारा pH) 5.5 ते 6.5 असला की उत्तम. तपासणीचा संच नर्सरीत मिळतो. माती चुनखडीची निघाली तर हट्ट न करता मोठी कुंडी घ्या आणि 'एरिकेशियस कंपोस्ट', म्हणजे आम्लप्रिय झाडांसाठीचं मातीचं मिश्रण, मागून आणा.

रोप घेताना पहिल्यांदा 'विल्यम्सी' गटातलं घ्या, उदाहरणार्थ गुलाबी फुलांचं 'डोनेशन'. या गटाचा मूळ संकर कॉर्नवॉलमध्ये जे. सी. विल्यम्स यांनी केला. या गटातल्या झाडांची सुकलेली फुलं आपोआप गळतात. जपानी जातींची अनेकदा तपकिरी होऊन फांदीवरच लटकत राहतात, ती हाताने खुडावी लागतात.

जागा विरळ सावलीची, पश्चिमेकडची किंवा उत्तरेकडची बघा. पूर्वेकडे रात्री गोठलेल्या कळीवर एकदम ऊन पडतं आणि पाकळ्या करपतात.

लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात करा. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. मुळं वरच्या थरातच पसरतात, म्हणून गोळ्याचा माथा जमिनीच्या वर किंचित दिसू द्या. खोल पुरलेलं झाड फुलायला कुरकुरतं. वरून पालापाचोळ्याचं 5 ते 7 सेंटिमीटर आच्छादन घाला, बुंध्याला मात्र ते चिकटू देऊ नका.

आता पाणी. पुढच्या वसंतातल्या कळ्या झाड उन्हाळ्याच्या उत्तरार्धात धरतं. जुलै ते सप्टेंबर माती कोरडी पडली तर त्या कळ्या धरून ठेवायचं बळ झाडात उरत नाही, पण ते आपल्याला कळतं थेट फेब्रुवारीत. एका वर्षी गणपतीसाठी आम्ही तीन आठवडे घरी गेलो होतो आणि कुंडी कोरडी ठणठणीत झाली. पुढच्या वसंतात एकही फूल नाही! तेव्हापासून भारतात जाताना शेजारच्या काकूंना घराच्या किल्लीसोबत पाण्याची झारीही देऊन जाते. रोज बोट मातीत खुपसून बघा, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्या.

इथलं नळाचं पाणी जड आहे. केटलच्या तळाशी साचणारा पांढरा थर हाच तो चुना. त्याने हळूहळू पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवा. पिंप रिकामं असेल तर नळाचं द्या, तहानेपेक्षा ते बरं.

आम्लप्रिय झाडांचं खत एप्रिलपासून द्या आणि जुलैअखेर थांबवा. छाटणी फुलं संपल्या संपल्या करा. उशिरा कात्री लावली तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात.

पानांवर काजळी धरली तर खालची बाजू पाहा, तिथे खवले कीड बसलेली असते. ओल्या फडक्याने पुसून काढा. पाकळ्यांवर तपकिरी डाग पसरत असतील तर खाली पडलेली फुलं गोळा करून कचऱ्यात टाका, कंपोस्टात नको.