धर्मग्रामातला सेवागट कसा चालवावा: वही सांभाळणारीकडून

मी आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक मंडळीच्या, सेवागटाची वही सांभाळते. कोणाकडे कोण गेलं, काय ठरलं, गरिबांसाठीच्या दानपेटीत किती आलं आणि ते कुठे लागलं, हे सगळं त्या वहीत असतं. दुसऱ्या धर्मग्रामांतली मंडळी गट काढायचा म्हणून विचारायला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा पैशांचा असतो. निधी कसा उभा करायचा? मी म्हणते, ते नंतर बघू. आधी अशी चार माणसं शोधा, जी परक्या घरात तासभर स्वस्थ बसतील आणि समोरच्याचं बोलणं मधे न तोडता ऐकतील. द्यायला पुष्कळजण पुढे येतात, जवळ बसायला माणसं कमी पडतात. गट मुख्यतः त्यासाठी लागतो.

हे काही नवं नाही. १६१७ साली संत विन्सेंट डी पॉल फ्रान्समधल्या शातियों या गावी धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्सेची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) वस्त्रं चढवताना त्यांना निरोप आला, की गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी पडलेत, एकमेकांकडे बघायलाही कोणी धडधाकट उरलेलं नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं. नंतर ते स्वतः तिकडे निघाले, तर रस्त्यावर बायकांची रीघ लागलेली. त्या घरात एकाच दिवशी इतकं अन्न जमलं की त्यातलं बरंचसं नासून जाणार आणि चार दिवसांनी ती माणसं पुन्हा उपाशी राहणार, हे त्यांच्या लक्षात आलं. लोकांच्या मनात दया होती, पण तिला घडी नव्हती. मग त्यांनी तिथल्या बायकांचा गट बांधला, पाळ्या लावल्या आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्या गटाच्या लेखी नियमांना मान्यताही मिळाली. त्या नियमांतली एक ओळ आम्ही आजही पाळतो. ज्या आजाऱ्याजवळ आपलं माणूस आहे त्याच्याकडे आधी जायचं आणि जो एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी, म्हणजे त्याच्याजवळ जास्त वेळ बसता येतं. भेटींची यादी करताना मी एकट्या माणसांची नावं तळाला लिहिते, ती यामुळे.

गट जमवताना

पहिलं काम, फादरांशी बोलणं. परवानगीसाठी तर हवंच, पण धर्मग्रामातले गरीब, दुःखी आणि एकाकी लोक शोधून काढणं हे चर्चच्या कायद्याने धर्मगुरूंचंच कर्तव्य आहे. गट त्यांचा हात होतो, त्यांच्या जागी बसत नाही. संत विन्सेंट डी पॉल संस्थेची शाखा तुमच्याकडे आधीच असेल तर नवा गट काढू नका, तिच्यात सामील व्हा. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम आणि त्याच्या काही विद्यार्थी मित्रांनी सुरू केली. ओझानम तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. गरिबांकडे जायचं कसं, हे त्या मुलांना सिस्टर रोझली राँद्यू यांनी शिकवलं. त्या गरीब वस्तीत आधीपासून राबत होत्या आणि तिथली घरं त्यांना ठाऊक होती. तुमच्याकडेही अशी एखादी सिस्टर किंवा जुनी सेविका असेलच. पहिले काही महिने तिच्या मागे मागे जा.

सभासद कोणाला घ्यावं? ज्याच्या पोटात गोष्ट राहते त्याला. बाकी सगळं शिकवता येतं. एखादं माणूस कितीही उदार असलं, पण ऐकलेलं दुसऱ्या दिवशी चर्चच्या आवारात बोलून दाखवत असलं, तर त्याला घरभेटीला पाठवू नका. सामानाची व्यवस्था बघायला द्या.

गरजू घरं शोधायला मिस्सेनंतरची सूचना फारशी उपयोगी पडत नाही. "मदत हवी असल्यास कार्यालयात नाव द्यावं" हे ऐकून जे येतात त्यांना गरज असतेच, पण सर्वांत अडलेला माणूस सगळ्यांदेखत त्या दारात उभा राहत नाही. ती माहिती दुसरीकडून मिळते. आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेणाऱ्यांना विचारा. धर्मशिक्षणाच्या शिक्षकांना विचारा, कारण कुठलं मूल अचानक यायचं बंद झालं ते त्यांनाच कळतं. चर्च झाडणाऱ्या बाईंना विचारा. मागच्या बाकावर बसून दानाची थैली यायच्या आधी रोज कोण उठून जातं, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

घरभेट

नेहमी दोघांनी जायचं. एकट्याने कधीही नाही, कितीही ओळखीचं घर असो. घरात लहान मुलं असतात, एकट्या बायका असतात, त्यांच्या आणि आपल्या दोघांच्याही सुरक्षेसाठी हा नियम आहे. शिवाय एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं. आधी कळवून जा. न सांगता गेल्यास तपासणीला आल्यासारखं वाटतं.

पहिल्या भेटीत हातात सामानाची पिशवी नको. हे नव्या सभासदांना पटत नाही, "रिकाम्या हाताने कसं जायचं?" असं ते विचारतात. पण पिशवी दिसली की बोलणं तिच्याभोवतीच फिरतं. घरच्यांना आभार मानावे लागतात आणि आभार मानणारा माणूस अडचण मोकळेपणी सांगत नाही. जिथे चूल पेटलेली नाही असं आधीच कळलंय, तिथे अर्थातच थांबू नका, पण ते सामान भेटीच्या आधी किंवा नंतर पोचू द्या.

बसा म्हणतील तिथे बसा. पुढे ठेवतील ते घ्या. ते नाकारलं तर घेणारे फक्त तेच उरतात. भिंती, भांडी, टीव्ही यांवरून नजर फिरवू नका. त्यांच्यासमोर वही काढू नका. जे लक्षात ठेवायचंय ते बाहेर पडल्यावर दोघांनी मिळून लिहा. आणि "तुम्हाला काय हवंय?" हा प्रश्न लगेच टाकू नका.

एका आजोबांकडे आमचे दोघे गेले होते. एकटे राहतात, तेव्हा जेवणाचं बघावं लागेल, असं आम्ही धरून चाललो होतो. बराच वेळ ते तरुणपणी गायकवृंदात गायचे त्याबद्दल बोलत राहिले. मग बोलता बोलता त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा पुढे ओढला, ब्लेड घेतलं आणि एक गोळी नीट मधोमध कापली. अर्धी तोंडात टाकली, अर्धी बाटलीच्या झाकणात ठेवली. झाकणात आधीच बरेच अर्धे तुकडे होते. महिन्याच्या गोळ्या ते दोन महिने पुरवत होते आणि डॉक्टरांना तसं सांगितलं नव्हतं. जेवणाची त्यांची सोय शेजारणीने केव्हाच लावली होती. त्यांना गोळ्या हव्या होत्या आणि डॉक्टरांकडे सोबत हवी होती. निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली, ती फार हळू आवाजात: रविवारी चर्चच्या पायऱ्या चढायला कोणाचा तरी हात मिळेल का? त्या रविवारपासून ते मिस्सेला येतात. गायकवृंदाजवळच्या बाकावर त्यांची जागा ठरलेली आहे.

पहिल्याच दहा मिनिटांत सामानाची यादी करून आमचे दोघे उठले असते, तर यातलं काहीच कळलं नसतं.

भेटीत प्रार्थना करायची का? घरच्यांना विचारा आणि होकार आला तरच करा, तीही छोटी. घर दुसऱ्या धर्माचं असेल किंवा कुठल्याच धर्माचं नसेल तरी मदत तीच आणि तशीच. तिथे धार्मिक पत्रकं नेऊ नका, चर्चला येण्याची अट तर घालूच नका. येशूने सांगितलेल्या शेवटच्या न्यायात "मी भुकेला होतो" एवढंच विचारलं जातं. तो भुकेला कोणाचा होता, ते विचारलं जात नाही.

फोटो काढायचा नाही. अहवालासाठी नाही, देणगीदारासाठी नाही, पाठमोराही नाही.

रविवार

पुष्कळ गट इथे अर्ध्यावर थांबतात. घरोघरी मदत पोचते, पण रविवारी त्याच माणसांना चर्चमध्ये जागा सापडत नाही. संत याकोबाने आपल्या पत्रात हे स्पष्ट लिहिलंय: सोन्याची अंगठी घातलेल्याला तुम्ही चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यातल्याला उभं राहा म्हणता. करिंथच्या मंडळीलाही संत पौलाने याचसाठी खडसावलं होतं. प्रभुभोजनाला एकत्र जमायचे, पण काहीजण पोटभर खायचे आणि काही उपाशी राहायचे. तेव्हा दाराशी स्वागताला उभ्या असणाऱ्यांशी गटाने बोलून ठेवावं. कोणाला हात लागतो, कोणाला कठड्याजवळची जागा लागते, कोणाला एकटं बसायला संकोच वाटतो, एवढं त्यांना माहीत असलं की पुरे. कारण सांगायची गरज नाही.

मिस्सेनंतर आवारात सामान वाटू नका. रांग लागते, रांगेतली तोंडं सगळ्यांना दिसतात आणि पुढच्या रविवारी त्यातली काही मिस्सेलाच येत नाहीत.

श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत (मिस्सेत सगळ्यांतर्फे वाचल्या जाणाऱ्या विनंत्यांत) गरिबांसाठी विनंती लिहिताना "ते" हा शब्द टाळा. ते समोरच बसलेले असतात. "आमच्यातल्या ज्यांचं काम गेलंय त्यांच्यासाठी" असं लिहा, आणि वाचायला कधी त्यांनाच बोलवा. वाचक, गायकवृंद, वेदीसेवक, सजावट यांत मदत घेणाऱ्या घरांतली माणसं आणि मुलं असायलाच हवीत. माझ्या मते गट नीट चाललाय की नाही, ते पेटीपेक्षा इथे जास्त कळतं.

अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारसाबरोबर गरिबांसाठीच्या वस्तूही आणता येतात. त्या वेदीवर न ठेवता बाजूला ठेवायच्या. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सेत तर अशा अर्पणाचा खास उल्लेख आहे, पाय धुण्याच्या विधीनंतर थोड्याच वेळाने. त्या दिवशी आम्ही गटातर्फे काही नेत नाही, मुलांना आणायला सांगतो. चर्चच्या वर्षातल्या सामान्यकाळाचा तेहेतिसावा रविवार (तो नोव्हेंबरात येतो) २०१७ पासून जगभर गरिबांचा दिवस म्हणून पाळला जातो, पोप फ्रान्सिस यांनी तो ठरवून दिला. त्या दिवशी वाटपापेक्षा सहभोजन ठेवा, आणि गटाचे सभासद वाढपी न होता पंगतीत मिसळून बसू द्या.

आणखी एक, आणि हे घरोघरी सांगायलाच हवं. पैसे नाहीत म्हणून बाप्तिस्मा, लग्न किंवा अंत्यविधी कोणी लांबवत असेल तर त्याला सांगा, की गरिबीपायी कोणी संस्कारांना मुकू नये, असं चर्चचा कायदाच सांगतो. मिस्सेच्या हेतूसाठी, म्हणजे कोणाच्या नावाने किंवा कशासाठी मिस्सा ठेवायची त्यासाठी, देणगी देता येत नसेल तरी धर्मगुरूंनी त्या हेतूने मिस्सा अर्पण करावी, अशीही त्यात आग्रहाची सूचना आहे. लोकांना हे माहीत नसतं. मेलेल्या नवऱ्याच्या नावाने मिस्सा ठेवायची इच्छा मनात दाबून बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. फादरांपर्यंत तो निरोप तुम्ही पोचवा.

पैसे आणि वही

हे थोडक्यात सांगते. पेटी दोघांनी उघडायची, दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची. गरिबांसाठी म्हणून आलेला पैसा गरिबांवरच खर्च व्हावा; देणाऱ्याने सांगितलेल्या कारणाव्यतिरिक्त तो वापरता येत नाही, मग छप्पर कितीही गळत असो. गटाच्या बैठकीत एक बंद थैली फिरवा आणि सभासदांनी हात आत घालून जमेल ते ठेवावं. कोणी किती टाकलं, किंवा काहीच टाकलं नाही, हे कोणाला कळत नाही. त्यामुळे ज्याच्या स्वतःच्या घरी ओढाताण आहे तोही गटात मानाने बसू शकतो. विन्सेंट डी पॉल संस्थेची ही जुनी पद्धत आहे.

वहीत घरांना क्रमांक द्या. नावांची यादी वेगळ्या जागी, कुलपात. वार्षिक हिशेबात एकूण रकमा सांगा, घरं सांगू नका.

रोख द्यावे की वस्तू, यावर प्रत्येक गटात वाद होतो. बिल किंवा फी असेल तर ती परस्पर भरावी, ते सोपं पडतं. पण दर वेळी वस्तूच देणं मला पटत नाही. आपल्या घरात आधी काय आणायचं, हे मोठ्या माणसाला स्वतः ठरवू द्यावं.

तक्रार आली तर

येणारच. "त्यांना मिळालं, आम्हाला नाही." रागावू नका. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय उघडा. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही. सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि या कामासाठी सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं वाचली तर सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातूनच बहुधा ती माणसं आली. आमच्याकडे तक्रार आली की आम्ही त्या घरी पुन्हा जातो, पण जोडी बदलून. एकदा मदत घेतलेल्या घरातल्या एक बाई आता गटाच्या बैठकीला बसतात. नवं घर घ्यायचं की नाही, यावर त्यांचा शब्द सहसा शेवटचा असतो, कारण खोटी लाज आणि खरी गरज त्यांना आमच्याआधी ओळखता येते.

मदत थांबवताना

एखाद्या घराची घडी बसली की मदत हळूहळू कमी करा आणि तसं आधी सांगा. एखाद्या महिन्यात अचानक कोणी आलंच नाही, असं होऊ देऊ नका. मदत थांबली तरी भेट लगेच थांबवू नका. निदान नाताळ आणि ईस्टरला त्याच जोडीने त्या घरी जावं, सहज, बसायला. वहीत मी त्या क्रमांकावर रेघ मारत नाही, समोर फक्त "भेट चालू" असं लिहिते. जोडीतला कोणी गट सोडणार असेल तर नव्या सभासदाला घेऊन त्याने निदान एकदा तरी त्या घरी जावं आणि ओळख करून द्यावी. त्यानंतरच त्याचं नाव यादीतून काढा.