पॅलेस्टिनी वस्तूंचा स्टॉल लावताय? आधी या चुका टाळा

गेली नऊ वर्षं मी इथे इंग्लंडमध्ये चर्चचे हॉल, शाळांच्या जत्रा, दिवाळीला आपलं मराठी मंडळ, जिथे टेबल मिळेल तिथे पॅलेस्टिनी कारागिरांच्या वस्तू विकते. दरवर्षी दोन-चार नवीन उत्साही मंडळी "आम्हालाही करायचंय" म्हणून येतात आणि दरवर्षी त्याच चुका करतात. तोंडी सांगून घसा बसला, म्हणून लिहून टाकते.

नाताळचा माल ऑक्टोबरात मागवणं

ही मी स्वतः केलीय. दुसऱ्याच वर्षी जोशात येऊन बेथलेहेमशेजारच्या बेत साहूरमधल्या एका कारागिराकडे ऑक्टोबरच्या मध्यावर ऑर्डर दिली, ऑलिव्हच्या लाकडाचे येशूजन्माचे बारा गोठे (नाताळात मांडतात ते देखावे) आणि साठ टांगायचे तारे. तो म्हणाला, ताई, वाळलेलं लाकूड संपलंय, पुढच्या वर्षी देतो. मी काय म्हणावं? "थोडं अ‍ॅडजस्ट करा ना!" आपली सवय जात नाही. शेवटी बिचाऱ्याने केलं.

आता वेस्ट बँकला, म्हणजे बेथलेहेम ज्या पॅलेस्टिनी भागात येतं त्याला, ना स्वतःचं बंदर ना विमानतळ, माल इस्रायलच्या अश्दोद किंवा हैफा बंदरातून नाहीतर बेन गुरियन विमानतळावरून निघतो, त्याआधी चेकपॉइंटवर एका ट्रकमधून उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये भरतात, आणि तो चेकपॉइंट कधी बंद होईल हे तिथल्या माणसालाही माहीत नसतं. माझं खोकं आलं १९ डिसेंबरला. शेवटची जत्रा १४ ला संपलेली. बरं, पुढच्या वर्षी विकू म्हणून खोकं घरात रेडिएटरशेजारी ठेवलं, आणि जानेवारीत उघडून बघते तर जोसेफ डोक्यापासून पायापर्यंत चिरलेला, दोन मेंढ्यांचे पाय गेलेले. ओलं लाकूड, वर कोरडी गरम हवा, दुसरं काय होणार. पैसे अर्थातच परत मागितले नाहीत, घाई माझी होती.

तेव्हापासून मी नाताळची ऑर्डर मे महिन्यात देते. मे म्हणजे मे. ऑगस्टमध्ये मला फोन करून "अजून वेळ आहे ना?" विचारू नका.

"विकलं गेलं की पैसे देते"

हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. कापड, दोरा, लाकूड यांचे पैसे आधी कोणी घालायचे? ज्या घरात ऑक्टोबर २०२३ नंतर पर्यटक बंद, इस्रायलमध्ये कामाला जायचे परवाने बंद, त्यांनी? फेअर ट्रेड म्हणजे कारागिराला रास्त दाम देणारा व्यापार, आणि तो करणाऱ्यांची जागतिक संघटना, वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन, हिचा नियमच आहे की हस्तकलेच्या ऑर्डरवर कारागिराने मागितलं तर निदान ५० टक्के रक्कम आगाऊ, बिनव्याजी द्यायची. मी मागायची वाटच बघत नाही, ऑर्डरबरोबर निम्मे पाठवते. तुमच्याकडे तेवढे नसतील तर ऑर्डर निम्मी करा, पण उधारीवर फेअर ट्रेड करू नका.

पेपालने पाठवू म्हणाल तर तिथल्या पॅलेस्टिनी लोकांना पेपालचं खातंच उघडता येत नाही. बँकेतून पाठवावं लागतं, आणि तुमची बँक हमखास प्रश्न विचारते. इन्व्हॉइस आधीच तयार ठेवा, म्हणजे आठवडाभर फोनवर ताटकळायला नको.

कीव विकणं

"गरीब महिलांना मदत करा" असा बोर्ड लावला की लोक पाच पाउंडाचं काहीतरी घेतात, ते ड्रॉवरमध्ये टाकतात आणि परत येत नाहीत. अहो, तत्रीज आहे ते! २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेलं भरतकाम. एका उशीच्या अभ्र्याला एका बाईच्या कित्येक संध्याकाळी जातात. मी गिऱ्हाइकाला अभ्रा उलटा करून दाखवते, मागची बाजू किती स्वच्छ आहे बघा, दोरा कुठे वळलाय बघा. मशीनचं असेल तर मागे सगळीकडे बॉबिनचा एकसारखा दोरा दिसतो. पैठणी घेताना आपण पदर उलटून बघतोच की. मग नक्षीत सरूचं झाड कुठलं, चंद्र कुठला, ते सांगते. किंमत कमी करा म्हणणाऱ्याला मी हसून स्वस्तातला बुकमार्क दाखवते.

बाकीच्या पटापट:

कुफिया, म्हणजे पॅलेस्टिनी लोकांचा तो चौकटीच्या नक्षीचा रुमाल, होलसेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका, बाजारात चिनी मालाचा पूर आहे. वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन शहरात १९६१ पासून हिरबावीचा कुफिया विणायचा कारखाना चालू आहे, तिथून घ्या.

केळी-कॉफीवरचा फेअरट्रेडचा शिक्का नेटवरून उतरवून आपल्या लेबलवर छापू नका. तो परवान्याशिवाय वापरता येत नाही. हो, असं करणारे भेटलेत मला.

नाबलुसचा साबण ऑलिव्ह तेलाचा, साधा, छान. त्याने एक्झिमा बरा होतो वगैरे स्वतःच्या मनाने सांगू नका.

भरतकाम करणाऱ्या बाईचा फोटो तिला न विचारता पोस्टरवर लावू नका. तुमच्या आईचा लावाल का?

हेब्रॉनच्या काचेत बुडबुडे असतात, दोन पेले सारखे नसतात. हे विकायच्या आधी सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी "डिफेक्टिव्ह आहे" म्हणून परत येतात. आणि काच एका खोक्यात नाही, खोक्यात खोकं घालून पाठवायला सांगा. जास्तीचा खर्च तुम्ही द्या, त्यांच्या बिलातून कापू नका.