मृगाआधी गच्चीची गळती शोधा आणि स्वतः दुरुस्त करा

गळती दुरुस्त करताना बहुतेकांची चूक एकच असते. छतावर डाग जिथे दिसतो, बरोबर त्याच्या वर सिमेंट फासले जाते. पण पाणी स्लॅबमध्ये एका जागी शिरते, सळईच्या कडेने किंवा कोब्याखालून सरकत जाते आणि चार-पाच फूट लांब, जिथे वाट मिळेल तिथे उतरते. डागाच्या डोक्यावरची जागा कोरडीठाक असू शकते. म्हणून आधी शोध, मग खर्च.

शोधासाठी कोल्हापुरात एप्रिल-मेचा वळीव फार उपयोगी पडतो. तासाभराच्या जोरदार सरीनंतर लगेच गच्चीवर जा आणि पाणी कुठे साचले आहे ते खडूने आखून ठेवा. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांनीही जिथे पाणी उभे असेल तिथे ढाळ बिघडला आहे. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर पुन्हा पाहा. बाकी गच्ची वाळलेली असताना ज्या रेषा काळपट ओल्या राहतात, त्या पाणी पिणाऱ्या भेगा. चार ठिकाणे नेहमी तपासा: कठडा आणि गच्ची मिळते तो कोपरा, पावसाच्या पाइपाचे तोंड, टाकीच्या स्टँडचे पाय आणि जिथून पाइप किंवा वायर स्लॅबमधून खाली गेली आहे ती जागा. यातला कठड्याचा कोपरा सर्वांत जास्त वेळा दोषी निघतो, कारण स्लॅब आणि कठड्याची वीट उन्हात वेगवेगळ्या मापाने फुगते आणि सांधा उघडतो.

डाग पावसाचा आहे की नळाच्या पाइपाचा, हेही आधी ठरवा. रात्री सगळे नळ आणि टाकीत येणारे पाणी बंद करून टाकीतील पातळीवर पेन्सिलने खूण करा. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेले असेल तर पाइपात किंवा फ्लश टँकमध्ये गळती आहे. तिथे गच्चीवर कितीही केमिकल लावले तरी फायदा नाही.

भिंतीच्या ओलीसाठी फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला आले तर ती खोलीतली वाफ आहे आणि खिडकी उघडी ठेवणे किंवा एक्झॉस्ट फॅन बसवणे एवढाच उपाय लागतो.

आता भेग. नुसते सिमेंटचे पाणी ओतून ती बुजत नाही. सिमेंटचा पातळ थर ठिसूळ असतो. स्लॅब दिवसा तापून फुगतो आणि रात्री आकसतो, तशी भेग पुन्हा उघडते. म्हणून छन्नी-हातोड्याने भेगेच्या रेषेवर साधारण 10 मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाच काढा. तारेच्या ब्रशने शेवाळ, धूळ आणि सुटलेला चुरा पूर्ण काढा, पाण्याने धुवा आणि साचलेले पाणी फडक्याने टिपून घ्या. खाच ओलसर हवी, पण पाणी उभे नको.

हार्डवेअरच्या दुकानात एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारे दुधासारखे द्रव) मागा. आधी लॅटेक्स 1 भाग आणि ताजे सिमेंट दीड भाग असे कालवून खाचेत ब्रशने लावा. तो थर चिकट असतानाच मसाला भरा: 5 किलो सिमेंट, 15 किलो चाळलेली वाळू, 1 लिटर लॅटेक्स आणि अंदाजे दीड ते दोन लिटर पाणी. अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा. घट्ट होत आला म्हणून वरून पाणी घालून पुन्हा मळलेला मसाला वाळल्यावर सुटून येतो. थापीने दाबून भरा. कठड्याच्या कोपऱ्यात हाच मसाला वापरून दोन इंचांची गोलाई द्या, म्हणजे तिथे पाणी टेकून राहणार नाही. पहिले 24 तास पाणी मारू नका, त्यानंतर सात दिवस मारा.

स्लॅबच्या खालच्या बाजूला सळई उघडी पडली असेल तर हातोडीने हलके ठोकत जा. पोकळ आवाज येईल तिथे गंज फुगून काँक्रीट सुटले आहे. तो भाग मोठा असेल किंवा सळई बारीक झालेली दिसत असेल, तर स्वतः प्लास्टर करून झाकू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

मसाला पिकल्यावर दोन-तीन दिवस गच्ची वाळू द्या आणि मग वॉटरप्रूफ कोट लावा. पहिला हात उभा, दुसरा आडवा. भेगांवर आणि कोपऱ्यांत दोन्ही हातांच्या मध्ये फायबरची जाळी ओल्या कोटात दाबून बसवा. इथे जाळी वाचवणे म्हणजे सगळ्या कामावर पाणी सोडणे. कोट कठड्यावर निदान एक फूट चढवा. प्रमाण आणि दोन हातांमधले अंतर डब्यावर छापलेले असते, तेच पाळा. काम सकाळी दहाच्या आत उरका. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर कोट पकड घेण्याआधीच वाळतो आणि त्याला बारीक भोके पडतात. संध्याकाळी लावाल तर वळीव तो धुऊन नेण्याची शक्यता मोठी.

दिवसांचा हिशेब मांडा. मसाला, सात-आठ दिवस पाणी, तीन दिवस वाळवण, कोट, पुन्हा तीन दिवस आणि शेवटी पाण्याची परीक्षा. पंधरा-सोळा दिवस सहज जातात. मृग 7 जूनच्या आसपास निघतो, म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यातच हात घाला.

परीक्षेसाठी पाइपाचे तोंड बंद करून गच्चीवर इंचभर पाणी 24 तास उभे करा आणि खालून छत पाहा. इंचभर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला 25 किलो होते, त्यामुळे उगाच जास्त भरू नका. जुन्या किंवा सळई उघडी पडलेल्या स्लॅबवर ही परीक्षा करूच नका.

पाइपाच्या तोंडावर सपाट जाळीऐवजी घुमटाची जाळी बसवा. सपाट जाळीवर दोन पाने आडवी पडली की गच्चीचे तळे होते. पावसाळ्यात दर आठवड्याला ती साफ करा. सरकत्या खिडकीखाली भिंत भिजत असेल तर आधी खिडकीच्या खालच्या चॅनेलमधली बारीक भोके काडीने मोकळी करा. बऱ्याचदा दोष तेवढाच असतो.

कौलारू घर असेल तर सरकलेले आणि तडकलेले मंगलोरी कौल आतूनच उचलून बदलता येते. वर चढावेच लागले तर कौलावर पाय न देता वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावर वजन द्या.

भिंत पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी आणि रंग नको. ओलीबरोबर आलेला खार बाहेर पडताना रंग ढकलतो आणि पोपडे येतात.

ओल स्विचबोर्डापर्यंत पोहोचली असेल तर मेन स्विच बंद करा आणि वायरमन बोलवा. आरसीसीबीचे (करंट गळू लागताच वीज तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. ते लगेच ट्रिप झाले पाहिजे, न झाल्यास बदलून घ्या. घरासाठी 30 मिलीअँपिअरचे घ्यावे. एमसीबी (जास्त करंट गेल्यास पडणारा स्विच) वायर वाचवते, आरसीसीबी माणूस, म्हणून एक आहे म्हणून दुसरे नको असे होत नाही. वारंवार पडणारी एमसीबी काढून जास्त अँपिअरची बसवू नका, त्याने वायरच जळते.

पंचगंगेच्या पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहत राहावी: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. इशारा पातळी गाठण्याआधीच तळमजल्यावरची मोटर आणि फ्रिज वर हलवा, आणि घर सोडताना मेन बंद करा. पाणी ओसरल्यावर बोर्ड उघडून वाळवून वायरमनने तपासल्याशिवाय मेन चालू करू नका.